पालथे झोपण्याआधी

‘एकदाचा एमआरआय करून टाकू, म्हणजे मनात शंका नको,’ हे वाक्य आपल्याकडे गुडघ्याबद्दल, मणक्याबद्दल आणि डोकेदुखीबद्दल इतक्या सहजपणे बोलले जाते, की आता ते स्तनांबद्दलही तितक्याच सहजपणे कानावर येऊ लागले आहे. सोनोग्राफी ही साधी तपासणी, मॅमोग्राफी तिच्याहून वरची आणि एमआरआय सर्वांत वरची. यंत्र मोठे, पैसे जास्त, त्या अर्थी उत्तरही अधिक खात्रीचे, अशी समजूत त्यामागे असते. माझ्या आईला आणि मावशीला पन्नाशीच्या आत स्तनांचा कर्करोग झाला. मावशीच्या जनुकीय चाचणीत बीआरसीए-२ या जनुकातला, हा धोका वाढवणारा दोष सापडला आणि पुढे तोच माझ्यातही निघाला. तेव्हापासून दरवर्षी मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय करून घेणे माझ्या वाट्याला आले आहे. म्हणून ही तपासणी नावडती असूनही तिचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकते. तरीही केवळ शंका फेडण्यासाठी कुणी हा एमआरआय करायला निघाले, की मी अडवते. कारण ही तपासणी शंका मिटवते, तशी ती शंका जन्मालाही घालते. माझ्यासारखीला तो व्यवहार परवडतो; ज्या बाईला धोका मुळातच कमी आहे, तिला तो बहुधा महागात पडतो.

असे का होते, हे समजण्यासाठी यंत्र नेमके काय पाहते ते कळायला हवे. मॅमोग्राफी ही क्ष-किरणांची तपासणी. तीत ऊतींची घनता दिसते आणि कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरींचे प्रतिध्वनी दिसतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण अजिबात नसतात; शक्तिशाली चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश मिळवले जातात. पण नुसत्या चुंबकाने स्तनांतला कर्करोग नीट वेगळा काढता येत नाही, कारण गाठ आणि तिच्या शेजारची निरोगी ग्रंथी पुष्कळदा सारखीच दिसते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत सिल्विया हेवांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून गॅडोलिनियम या धातूच्या औषधाचे इंजेक्शन देऊन स्तनांच्या प्रतिमा घेतल्या, आणि तिथून या तपासणीला खरा अर्थ आला. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्या घाईने बांधलेल्या असतात, त्यांच्या भिंती गळक्या असतात. गॅडोलिनियम त्यांच्यातून झपाट्याने आत शिरते आणि पुष्कळदा तितक्याच झपाट्याने बाहेर पडू लागते. प्रतिमेत ती जागा उजळते. म्हणजे एमआरआय पाहतो तो रक्ताचा व्यवहार. कर्करोगाला तो त्या व्यवहारावरून ओळखतो.

आता रक्ताचा असा जोरदार व्यवहार काही फक्त कर्करोगाच्याच गाठीत चालत नाही. तरुण वयातल्या निरुपद्रवी फायब्रोॲडिनोमाच्या गाठी उजळतात, नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेची जखम उजळते, सूज उजळते, स्तनपान करणाऱ्या आईचे स्तन तर सगळेच्या सगळे उजळतात. आणि पाळी चालू असलेल्या कोणत्याही निरोगी बाईची स्तनग्रंथीसुद्धा महिन्याच्या ठरावीक दिवसांत कमीअधिक उजळते. या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

पाळीचा पहिला दिवस एक असा धरून सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान हा एमआरआय करावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या आठवड्यात संप्रेरकांमुळे होणारी ग्रंथीची पार्श्वभूमीची झळाळी सर्वांत कमी असते, त्यामुळे खरी गाठ असलीच तर ती वेगळी उठून दिसते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हीच झळाळी इतकी वाढू शकते, की खरी गाठ तिच्यात लपेल किंवा नसलेली गाठ असल्यासारखी भासेल. मी जिथे जाते तिथल्या स्वागतकक्षातली मुलगी फोनवर नाव आणि वय विचारून झाले, की लगेच ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ असे विचारते. बायकोसाठी वेळ घ्यायला फोन करणारे पुष्कळ नवरे या प्रश्नाला अडखळतात आणि ‘थांबा, तिलाच देतो’ म्हणून मोकळे होतात, असे तिने मला एकदा हसत सांगितले. पण सगळीकडे हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. माझ्या एका चुलतबहिणीचे स्तन दुखत होते. गाठ नव्हती, घराण्यात कुणाला काही नव्हते आणि सोनोग्राफी स्वच्छ होती. तरी तिने हट्टाने एमआरआय करून घेतला, तो नेमका पाळीच्या आधीच्या चार दिवसांत. केंद्रावर कुणी तारीख विचारली नाही. रिपोर्टात डाव्या स्तनात ‘गाठीच्या आकाराविना उजळलेला भाग’ असल्याचे आले आणि त्या घरातली दिवाळी काळवंडली. पुढच्या महिन्यात, दहाव्या दिवशी दुसरीकडे तपासणी पुन्हा झाली तेव्हा तो भाग विझलेला होता. स्तन दुखणे ही फार मोठ्या संख्येने बायकांची तक्रार असते आणि नुसते दुखणे, गाठ नसताना, क्वचितच कर्करोगाचे लक्षण ठरते. पण त्या महिन्याभरात हे तिला कुणीही सांगून पटले नसते.

तातडीचा प्रश्न असेल, म्हणजे कर्करोग सुईने तुकडा काढून सिद्ध झालेला असेल आणि शस्त्रक्रिया तोंडावर आली असेल, तर मात्र पाळीची वाट पाहत बसत नाहीत. पाळी थांबलेल्या बायकांना तारखेचा प्रश्नच नसतो; फक्त त्या संप्रेरकांच्या गोळ्या घेत असतील तर ते सांगणे आवश्यक आहे.

मग ही तपासणी कुणासाठी? अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, तीच थोड्याफार फरकाने अजून आधाराला घेतली जातात. ज्यांना बीआरसीए जनुकांतला दोष आहे, किंवा आई, बहीण अथवा मुलीला तो आहे पण स्वतःची चाचणी झालेली नाही; ज्यांचा आयुष्यभराचा धोका घराण्याच्या इतिहासावरून साधारण २० ते २५ टक्के किंवा त्याहून अधिक निघतो; आणि ज्यांना वयाच्या १० ते ३० वर्षांच्या दरम्यान छातीवर किरणोपचार झाले आहेत, उदाहरणार्थ हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी, अशा बायकांनी मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी एमआरआय करावा, असे त्यांचे सांगणे आहे. ‘जोडीला’ हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करते. मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण एमआरआयला दिसत नाहीत, आणि अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या काही कर्करोगांची तेवढीच खूण असते. एवढा महाग एमआरआय केला, आता ती स्तन दाबणारी मॅमोग्राफी कशाला, हा हिशेब म्हणून चुकतो.

दाट स्तनांचा प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. ज्यांच्या स्तनांत चरबी कमी आणि ग्रंथी व तंतू जास्त, त्यांच्या मॅमोग्राफीत सगळेच पांढरे दिसते आणि कर्करोगही पांढराच दिसतो. पांढऱ्यात पांढरे शोधायचे म्हणजे बर्फात ससा शोधण्यासारखे. नेदरलँड्समध्ये याविषयी ‘डेन्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या, पण अतिशय दाट स्तन असलेल्या ५० ते ७५ वयाच्या ४० हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. त्यांच्यापैकी काहींना चिठ्ठी टाकून निवडल्याप्रमाणे एमआरआयचे निमंत्रण दिले गेले आणि बाकीच्यांची केवळ मॅमोग्राफी चालू राहिली. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५ होते, तर निमंत्रितांच्या गटात २.५. ज्यांनी निमंत्रण स्वीकारून प्रत्यक्ष एमआरआय करून घेतला, त्यांच्यात ते हजारी १ पेक्षाही कमी होते.

एवढे वाचून कुणालाही वाटेल, की मग सरसकट सगळ्यांचाच करावा. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या दर हजार बायकांत सुमारे १६ ते १७ जणींना कर्करोग सापडला, आणि सुमारे ८० जणींना काहीतरी आहे म्हणून परत बोलावले गेले, जे शेवटी काहीच नव्हते. सुईने तुकडा काढून तपासलेल्या दर चार जणींपैकी साधारण एकीलाच कर्करोग निघाला. माझ्यासारखीने हे आकडे पाहिले तर ती म्हणेल, की तीन सुया फुकट गेल्या तरी चालतील, चौथी चुकायला नको. पण माझ्या चुलतबहिणीसारखीच्या बाबतीत, जिचा धोका मुळातच कमी, त्या सुयांपैकी खरी ठरणारी सुई आणखी दुर्मीळ होते आणि फुकटच्या सुया तेवढ्याच राहतात. यंत्र तेच, वाचणारे डॉक्टर तेच आणि तरीही त्याच उजळलेल्या ठिपक्याचा अर्थ दोन बायकांच्या बाबतीत वेगळा, ही गोष्ट प्रतीक्षाकक्षात बसून उमगत नाही, आणि ती समजावून सांगायला कुणाला वेळही नसतो.

आपल्याकडची परिस्थिती तर आणखी निराळी. भारतातल्या बायकांमध्ये स्तनांचा कर्करोग हा आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तो सरासरीने सुमारे एक दशक लवकर होतो आणि पुष्कळ जणी हाताला लागणारी गाठ घेऊनच डॉक्टरांकडे येतात. या संदर्भात मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राचा एक अभ्यास प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावा असे मला वाटते. १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा त्यात दोन दशके पाठपुरावा केला गेला. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना मात्र तसा लाभ दिसला नाही. दहावी-बारावी शिकलेल्या आणि नीट शिकवून तयार केलेल्या बायकांच्या बोटांनी हे साधले, हे वाचून मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. कारण या हातांच्या तपासणीची चर्चा आपल्याकडे एमआरआयच्या जाहिरातींच्या शतांशानेही होत नाही.

हाताला लागणाऱ्या गाठीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. अशा गाठीसाठी पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग वयानुसार मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि संशय असेल तर जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी. गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एमआरआय करायचा नसतो. डॉक्टरांनी सुई घ्यायला सांगितली असताना सुईच्या भीतीने आधी एमआरआय करून पाहणाऱ्या आणि तो बरा आला म्हणून सुई टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सुईने कर्करोग पसरतो, ही आपल्याकडची हट्टी भीती त्यामागे असते. संशयास्पद गाठीवरची सुई कोणत्याही निर्दोष एमआरआयमुळे रद्द होत नाही.

तपासणी खरोखरच ठरली, तर तयारीला आदल्या दिवशीच लागावे. गॅडोलिनियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून ती नीट काम करतात का हे दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बहुतेक ठिकाणी मागतात. मूत्रपिंडे फारच निकामी झालेल्या काही रुग्णांमध्ये जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा आणि सांधे आखडवणारा एक गंभीर विकार होतो, हे २००६च्या सुमारास लक्षात आले. तेव्हापासून ही काळजी घेतली जाते आणि आता तो विकार फार दुर्मीळ झाला आहे. २०१४ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की वारंवार इंजेक्शने घेतलेल्यांच्या मेंदूत या धातूचा सूक्ष्म अंश मागे राहतो. मूत्रपिंडे चांगली असलेल्यांना त्यापासून इजा झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही, पण ज्यांच्या रेणूंची धातूवरची पकड सैल आहे अशी काही औषधे युरोपने २०१७ मध्ये वापरातून बाजूला काढली. मला दरवर्षी हे इंजेक्शन घ्यावे लागते, म्हणून मी ‘मॅक्रोसायक्लिक आहे ना?’ असे विचारूनच हात पुढे करते. या प्रकारात धातू रेणूच्या कड्यात घट्ट धरलेला असतो. हा प्रश्न विचारल्यावर कुणी अजून तरी कपाळाला आठी घातलेली नाही. गरोदरपणात हे इंजेक्शन शक्यतो टाळतात. स्तनपान करणाऱ्या आईच्या दुधात मात्र त्याचा इतका नगण्य अंश उतरतो, की दूध तोडण्याची गरज नसते.

चुंबकाविषयीची सावधगिरी हा केवळ नियम म्हणून पाळायचा विषय नाही. या यंत्रांचे चुंबक साधारणपणे १.५ किंवा ३ टेस्ला शक्तीचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पटींनी प्रबळ असते, आणि ते कधीच बंद नसते. द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियसला थंड ठेवलेल्या तारांतून वीज एकदा फिरू लागली, की ती फिरतच राहते; रात्री कुलूप लावले तरी आणि वीज गेली तरी चुंबक जागाच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला तरुण प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत शिरला आणि सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. म्हणून पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली चिमटी, कानातले कॉक्लिअर यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कीस, स्तनाच्या पुनर्रचनेसाठी बसवलेला चुंबकी झडपेचा फुगा, यांपैकी काहीही असेल तर ते फॉर्मवर लिहायचेच, शिवाय तोंडानेही सांगायचे. तांबीची बहुधा अडचण येत नाही, तरी सांगून ठेवावे.

आणि मग दागिने. कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर मी एका आजींना पाहिले होते. लातूरकडच्या असाव्यात, सोबत सून होती. टेक्निशियन मुलगी म्हणाली, ‘आजी, मंगळसूत्र, जोडवी, नाकातली चमकी, सगळं काढावं लागेल.’ आजी जोडवी काढायला तयार झाल्या, पण मंगळसूत्रावर हात ठेवून बसल्या. मुलीला असे प्रसंग नवे नसावेत. तिने ड्रॉवरमधून काळे मणी ओवलेला साधा सुती दोरा काढला आणि सुनेच्या हातात दिला. सुनेने तो सासूच्या गळ्यात बांधला, मगच मंगळसूत्र निघाले. ते निघाल्यावर कळले, की खरा धोका सोन्यात नव्हताच. सोने आणि चांदी चुंबकाला ओढली जात नाहीत. ती काढायला लावतात, कारण रेडिओ लहरींनी तापू शकतात आणि प्रतिमेवर डाग पाडतात. पण मंगळसूत्राच्या वाटीमागे आजींनी तीन सेफ्टी पिना अडकवून ठेवल्या होत्या, आणखी दोन बांगडीत होत्या आणि एक परकराच्या नाडीला. पिना पोलादी असतात, आणि त्या बाणासारख्या सुटतात. आपल्या बायका पिनांशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि पिनांना दागिना किंवा धातू म्हणून कुणी मोजत नाही. म्हणून ‘धातूचं काही आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे अगदी प्रामाणिक उत्तर मिळते. केसांतले आकडे, ब्रेसियरचे हूक, मोबाइल आणि बँकेची कार्डे यांचेही तेच.

आत पालथे झोपावे लागते. टेबलावर दोन पोकळ्या असलेली चौकट असते, तिच्यात दोन्ही स्तन मोकळे लोंबते राहतील अशा रीतीने टेक्निशियन ते बसवते. घडी पडली तर ती हाताने नीट करते. मॅमोग्राफीसारखे दाबले जात नाही. या कामासाठी बाईच हवी, असे आधी सांगून ठेवण्यात संकोच नको. दोन पोकळ्यांमधला दांडा छातीच्या हाडावर येतो आणि दहा मिनिटांनी तिथे रग लागते. सुरुवातीलाच घडी केलेले कापड मागून घ्यावे, कारण मध्ये हलता येत नाही. तोंड खाली असल्यामुळे बोगद्याचे छत दिसत नाही, आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्या मला तरी उताणे झोपण्यापेक्षा हे सुसह्य वाटते. ज्यांना फारच घाबरायला होते, त्यांनी सौम्य शामक गोळीविषयी आधीच विचारावे आणि मग सोबतीला कुणीतरी आणावे. हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की बाहेर घंटा वाजते. कानात बोळे असूनही यंत्राचा ठकठकाट आणि घरघर मोठी असते. साधारण २० ते ४० मिनिटे लागतात.

या साऱ्या वेळात सर्वांत महत्त्वाची असतात ती इंजेक्शनच्या आसपासची काही मिनिटे. आधी एक प्रतिमा घेतात, मग हातातल्या सुईतून औषध जाते, दंडातून गारवा वर चढल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या पाच-सात मिनिटांत त्याच भागाच्या प्रतिमा पुन्हा पुन्हा घेतल्या जातात. नंतरच्या प्रतिमांमधून आधीची प्रतिमा संगणक वजा करतो, म्हणजे जे उजळले तेवढेच शिल्लक राहते. या दरम्यान रुग्ण बोटभर जरी सरकली, तरी वजाबाकी चुकते आणि गाठीच्या जागी भुताटकी दिसू लागते. मला हे कळल्यापासून मी त्या मिनिटांत श्वाससुद्धा उथळ घेते. जर्मनीतल्या आखेनच्या क्रिस्टियाने कूल यांनी २०१४ साली दाखवले, की धोका जास्त असलेल्यांच्या चाळणीसाठी यातल्या मोजक्याच प्रतिमा पुरतात आणि त्या सुमारे तीन मिनिटांत घेता येतात. ही आखूड तपासणी आपल्याकडे रुळली, तर खर्च आणि रग दोन्ही कमी होतील.

रिपोर्ट हातात आला, की सगळ्यांचे डोळे ‘बाय-रॅड्स’ या संशयाच्या मोजपट्टीपुढच्या आकड्यावर जातात. १ म्हणजे निर्दोष आणि २ म्हणजे काहीतरी आहे पण निश्चित निरुपद्रवी. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा अधिक नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ या एका आकड्यात २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंतचा सगळा संशय भरलेला असतो, त्यामुळे ४ वाचून हातपाय गाळू नयेत आणि बायोप्सी टाळूही नये. ५ म्हणजे दाट संशय, आणि ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. ० आला तर तपासणी अपुरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण शून्य म्हणजे काही नाही, असे समजून घरी गेलेल्या एका काकूंची गोष्ट मी ऐकली आहे.

आता उजळलेला ठिपका फक्त एमआरआयलाच दिसला, तर पुढे काय? आधी त्या जागी लक्ष केंद्रित करून सोनोग्राफी पुन्हा करतात. तिथे सापडला तर सुई सोनोग्राफीखालीच घेता येते. नाही सापडला, तर एमआरआय चालू असताना सुई घ्यावी लागते, आणि ही सोय फार थोड्या केंद्रांत आहे. मी हे आता तपासणीची वेळ घेतानाच विचारते. ज्या केंद्राला ठिपका दाखवता येतो, पण त्याच्यापर्यंत सुई नेता येत नाही, ते रुग्णाला दुसऱ्या शहरात पाठवते, आणि तिथले डॉक्टर साहजिकच आपल्या यंत्रावर एमआरआय पुन्हा करायला सांगतात. विम्याचे म्हणाल, तर रुग्णालयात दाखल न होता केलेल्या अशा तपासण्यांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

कर्करोग सिद्ध झाल्यावर शस्त्रक्रियेआधी सरसकट एमआरआय करावा का, याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही. ब्रिटनमधल्या ‘कोमिस’ या अभ्यासात १६२३ बायका होत्या. एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे १९ टक्के आले. उलट, एमआरआयमध्ये दिसलेल्या जास्तीच्या ठिपक्यांमुळे जी गाठ काढून स्तन वाचवता आला असता, तिथे पूर्ण स्तन काढण्याकडे कल झुकतो, अशी काळजी पुष्कळ शल्यविशारद बोलून दाखवतात. याउलट काखेत कर्करोगाची गाठ आहे पण स्तनात मूळ सापडत नाही, किंवा केमोथेरपीने गाठ किती आक्रसली हे पाहायचे आहे, अशा वेळी याहून चांगली तपासणी नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले तर जरूर करावा, पण त्याच बैठकीत विचारावे, की या तपासणीच्या उत्तराने माझ्या शस्त्रक्रियेत काय बदलणार आहे. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर तेही ऐकून घेण्यासारखे असते. सिलिकॉनचे रोपण फुटले आहे का, एवढेच पाहायचे असेल तर इंजेक्शनची गरज नसते. तो एक वेगळाच छोटा विषय आहे.

माझ्या दरवर्षीच्या तपासणीला मी आधीच्या प्रतिमांच्या सगळ्या सीड्या घेऊन जाते; नुसता रिपोर्टाचा कागद नाही, सीड्या. नेदरलँड्समधल्या त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या फेरीत उगाच परत बोलावल्या गेलेल्या बायकांचे प्रमाण पुष्कळ खाली आले, आणि तुलनेला आधीच्या प्रतिमा हाताशी असणे हे त्याचे एक कारण होते. चार वर्षे जागच्या जागी, तेवढ्याच आकाराने उजळणारा ठिपका डॉक्टरांना घाबरवत नाही. तोच ठिपका पहिल्यांदा दिसला असता तर सुई लागली असती. केंद्र बदलले तर नव्या ठिकाणी सीडी उघडते का, तेही तिथल्या तिथे तपासून घ्यावे, कारण घरी परतल्यावर ‘तुमची डिस्क वाचता येत नाही’ असा फोन येतो आणि तोवर रिपोर्ट लिहून झालेला असतो.